सीईटी घालवाल, पण चिठ्ठी कुणाची आणाल?

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मे-जून आला की दोनच विषय असतात, पाण्याचा टँकर आणि अ‍ॅडमिशन. टँकरचं निदान शेवटी काहीतरी ठरतं. अ‍ॅडमिशनचं भांडण दरवर्षी त्याच जागी सुरू होतं आणि त्याच जागी थांबतं. एका बाजूला चौथ्या मजल्यावरचे काका, बँकेतून रिटायर झालेले. त्यांचं म्हणणं मेडिकलची नीट, राज्याची सीईटी, इंजिनिअरिंगची जेईई हा सगळा क्लासवाल्यांचा धंदा आहे, बंद करून टाका, बारावीच्या मार्कांवर अ‍ॅडमिशन द्या, आमच्या वेळी तसंच होतं आणि तेव्हाचे डॉक्टर काय वाईट निघाले का? दुसऱ्या बाजूला आयटीतला एक दादा, तो म्हणतो परीक्षा म्हणजे मेरिट, ज्याला जमत नाही तो रडतो, बाकी सगळी नाटकं. मग कोणीतरी रिझर्व्हेशन काढतं, कोणीतरी अमेरिकेतल्या भाच्याचं उदाहरण देतं, अ‍ॅडमिन सगळ्यांना गप्प करतो आणि पुढच्या मे महिन्यापर्यंत शांतता. माझी पोरगी दहावीत आहे त्यामुळे मी सहसा गप्प बसून वाचतो, पण यंदा बसवेना, कारण मला दोघंही चुकतायत असं वाटतं आणि तेही एकाच कारणाने.

माझं म्हणणं आधीच सांगतो. सगळ्यांना एकच पेपर, आणि तपासणाऱ्याला नाव-गाव-आडनाव माहीत नसताना तपासलेला, ही गोष्ट हातची सोडू नये. गरिबाच्या पोराला तिच्याएवढी उपयोगी गोष्ट या सगळ्या व्यवस्थेत दुसरी नाही. पण त्या पेपरातल्या मार्कांचा आपण जो देव करून ठेवलाय, ६५१ वाला हुशार आणि ६५० वाला ढ असं जे मानतो, ते बंद व्हायला पाहिजे. पोराला किती येतं ते बघणं हे एक काम आणि थोड्या जागा खूप पोरांत वाटणं हे दुसरं काम. पहिलं काम परीक्षा बऱ्यापैकी करते. दुसरं आपण तिच्या गळ्यात मारलंय आणि ते तिला झेपत नाही म्हणून काका तिला शिव्या देतात, आणि ते ती देवासारखं निर्मळ करते असं समजून दादा तिची पूजा करतो.

आकडा बघा. २०२४ च्या नीटला २३ लाखांवर मुलं बसली. एमबीबीएसच्या जागा देशभरात मिळून, सरकारी-खासगी सगळ्या धरून, एक लाख आणि वर थोड्या. आणि पात्र म्हणजे क्वालिफाय किती झाली, तर १३ लाखांवर. म्हणजे स्वतः परीक्षाच सांगते की १३ लाख पोरं डॉक्टरकी शिकायला लायक आहेत, आणि आपल्याकडे खुर्च्या आहेत एक लाख. आता तुम्ही पेपर कसाही काढा, लेखी घ्या, तोंडी घ्या, बोर्डाचे मार्क धरा, कुंडली जुळवा, १२ लाख पोरं बाहेरच राहणार आहेत. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात ते हेच. पेपर बदलून खुर्च्या वाढत नाहीत.

पण म्हणून काकांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही, त्यात दम आहे. क्लासची फी दोन वर्षांची लाखांत जाते, वर होस्टेल, मेस, टेस्ट सिरीज, आणि एका झटक्यात नाही जमलं तर एक वर्ष ड्रॉप घेऊन रिपीटर बॅच. ज्याचा बाप वर्षभर पोराला नुसतं घरी बसवून पोसू शकतो त्यालाच दुसरा चान्स मिळतो, बाकीचे बीएस्सीला किंवा कामाला. अकरावी-बारावीचं कॉलेज तर नावापुरतं उरलंय, इंटिग्रेटेड म्हणून एक प्रकार निघाला ज्यात अ‍ॅडमिशन कॉलेजात आणि बसायचं क्लासमध्ये, शेवटी २०१८ मध्ये राज्य सरकारला सायन्सच्या मुलांसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला. (त्या हजेरीचं पुढे काय झालं ते ज्यांच्या घरात बारावीचं पोर आहे त्यांनी आपापल्या मनाला विचारावं.) तामिळनाडूने तर हे आकड्यांनिशी मांडलं. तिथल्या सरकारने नेमलेल्या न्यायमूर्ती राजन समितीने २०२१ मध्ये अहवाल दिला की नीट आल्यापासून खेड्यातली, तमिळ माध्यमातली, राज्य बोर्डातली मुलं मेडिकलमधून मागे पडली आणि रिपीटर आणि क्लासवाली पुढे आली. हे खरं आहे आणि महाराष्ट्रातही फार वेगळं नसावं. जो माणूस हे मान्य न करता परीक्षेची बाजू घेतो त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

तरीसुद्धा. काका म्हणतात बोर्डाचे मार्क धरा. कुठले मार्क? आपल्या दहावीचाच किस्सा घ्या. २०१८ ला राज्याचा निकाल ८९ टक्के. २०१९ ला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले २० मार्क काढून घेतले, निकाल धाडकन ७७.१० वर आला. ओरड झाली, २०२० ला ते मार्क परत दिले, निकाल ९५.३०. दोन वर्षांत पोरं काही बदलली नाहीत, मास्तर तेच, शाळेचं छप्परही तेच गळकं. बदलला फक्त शाळेच्या हातातला चमचा. बारावी सायन्सला आजही फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीत प्रत्येकी ३० मार्क प्रॅक्टिकलचे, आणि त्या तिसात किती खरे आणि किती मायेचे हे ज्यांनी बारावी केलीये त्यांना सांगायला नको. २०२५ ला दहावीत १०० टक्के मिळवणारी २११ मुलं निघाली आणि त्यातली ११३ एकट्या लातूर विभागातली. मला त्या पोरांच्या मेहनतीबद्दल शंका नाही. पण जी फूटपट्टी शंभरलाच संपते तिने डोंगर मोजता येत नाही, आणि त्यावरून कुणाला मेडिकल द्यायचं हे ठरवायचं म्हटलं तर शेवटी चित्रकलेचे आणि खेळाचे वाढीव मार्क बघावे लागतील. दिल्ली युनिव्हर्सिटीत हेच झालं, २०२१ ला काही नामांकित कॉलेजांचा कटऑफ १०० टक्क्यांवर गेला, ९९ वाली पोरगी दारातून परत, आणि कोणत्या राज्याचं बोर्ड मार्क उधळतंय यावरून राज्याराज्यांत गलिच्छ आरोप सुरू झाले. पुढच्याच वर्षी सीयूईटी, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांची सामायिक प्रवेश परीक्षा आली. ती चांगली राबवली असं मी म्हणणार नाही, पण ती का आणावी लागली हे विसरून कसं चालेल?

आणि घोकंपट्टी नीटने आणली असं जे म्हणतात ते तर मला मुळीच पटत नाही. लातूर पॅटर्न कधीचा? नीटचं नावही नव्हतं तेव्हाचा. बोर्डाची मेरिट लिस्ट पेपरात फोटोसकट छापून यायची, त्या लिस्टसाठी तो जन्माला आला, पहाटे उठवून पेपर सोडवून घेण्याची पद्धत तिथे बोर्डासाठीच बसवली होती. तामिळनाडूतही तसंच. तिथे २००७ पासून दहाएक वर्षं प्रवेश परीक्षाच नव्हती, बारावीच्या मार्कांवर मेडिकल मिळायचं, म्हणजे काकांच्या स्वप्नातलं राज्य. तेव्हा काय झालं? नामक्कल नावाचा जिल्हा आहे, अंडी आणि कोंबड्यांसाठी प्रसिद्ध, तिथे निवासी शाळांचं पेव फुटलं आणि लोकच त्यांना ब्रॉयलर शाळा म्हणायला लागले. अकरावीचं पुस्तक उघडायचंच नाही, दोन वर्षं फक्त बारावी घोकायची. शेवटी अकरावी शिकवली जावी म्हणून सरकारला २०१७-१८ पासून अकरावीलाच बोर्डाची परीक्षा लावावी लागली. आणि त्या दहा वर्षांतही सरकारी शाळांतली मुलं तिथल्या मेडिकल कॉलेजात मोजकीच होती. म्हणजे पेपर कुठलाही असू दे, जिथे जागा थोड्या आणि बक्षीस मोठं तिथे पैसेवाला आपल्या पोरासाठी कोंबडीखाना बांधतोच.

काकांचा खरा मुद्दा मला वाटतं वेगळाच आहे, त्यांना वाटतं की माणसाने माणसाला बघून निवडावं, उत्तरपत्रिकेवरच्या काळ्या गोळ्यांवरून नाही. ऐकायला फार छान. पण माणसाने माणसाला बघून निवडायची पद्धत आपल्या आजोबा-पणजोबांनी भोगलेली आहे, आणि त्यांचं मत काय होतं ते बघण्यासारखं आहे. ईस्ट इंडिया कंपनीची सिव्हिल सर्व्हिस आधी शिफारशीवर चालायची, कंपनीच्या डायरेक्टरने नाव दिलं की पोरगा हेलीबरीच्या कॉलेजात आणि तिथून हिंदुस्थानात कलेक्टर. १८५५ पासून खुली स्पर्धा परीक्षा सुरू झाली. खुली म्हणजे नावाला खुली, कारण पेपर लंडनला, विषय त्यांचे, बोटीचं भाडं आपलं, आणि समुद्र ओलांडला म्हणून घरचे वाळीत टाकणार ते वेगळंच. १८६३ मध्ये सत्येंद्रनाथ टागोर पहिले पास झाले (त्यांची नोकरी पुढे आपल्या मुंबई इलाख्यात झाली). १८६९ ला चौघं एकदम पास झाले, तीन बंगाली आणि एक आपला मराठी, श्रीपाद बाबाजी ठाकूर. तर त्यातल्या सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि ठाकूरांना वयाच्या मुद्द्यावर बाद केलं, कारण आपल्याकडे वय सांगायची पद्धत वेगळी, सोळावं लागलं की आपण सोळा म्हणतो. कोर्टकचेरी होऊन दोघं परत आत आले. पुढे १८७८ पासून वयाची मर्यादा २१ वरून १९ वर आणली, म्हणजे इथल्या पोराने शाळा सोडल्या सोडल्या लंडन गाठायला हवं.

आता इतकी अन्यायाची परीक्षा, तर आपल्या लोकांनी काय मागणी करायला हवी होती? रद्द करा अशीच ना? केली नाही. त्यांनी मागितलं की वय वाढवा आणि तोच पेपर त्याच वेळी हिंदुस्थानातही घ्या. सुरेंद्रनाथ त्यासाठी देशभर सभा घेत फिरले. उलट व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या सरकारने १८७९ मध्ये परीक्षेला पर्याय काढला, चांगल्या घराण्यातल्या हिंदुस्थानी तरुणांना थेट नेमणूक. परीक्षा नको, घोकंपट्टी नको, खानदान बघू, चालचलन बघू. सुशिक्षितांनी ती योजना मनापासून कधी स्वीकारली नाही आणि दहाएक वर्षांत ती गुंडाळावी लागली. एकाच वेळी दोन्हीकडे परीक्षा घ्या असा ठराव १८९३ ला, दादाभाई नौरोजी खासदार असताना, हाऊस ऑफ कॉमन्सने पासही केला, सरकारने बासनात बांधून ठेवला, आणि प्रत्यक्ष पेपर इथे व्हायला १९२२ उजाडलं. सत्तर वर्षं परीक्षेशी भांडले पण शिफारशीचं दार मागितलं नाही, कारण त्यांना माहीत होतं की अन्यायाच्या परीक्षेत निदान मार्क दाखवून भांडता येतं. शिफारशीत नाव आलं नाही तर कोणाला काय दाखवणार?

हे फक्त इंग्रजांचं नाही. चीनमध्ये सांस्कृतिक क्रांतीत कॉलेजच्या प्रवेश परीक्षा बंद केल्या, त्या बूर्झ्वा आहेत, गरिबांच्या विरोधात आहेत म्हणून. शब्द ओळखीचे वाटतात ना? त्याऐवजी शेतावरच्या, कारखान्यातल्या कमिटीची शिफारस. ती शिफारस कोणाच्या पोरांना मिळाली असेल हे कुठल्याही जिल्हा परिषदेत दोन दिवस बसलेल्या माणसाला सांगायची गरज नाही. १९७७ च्या डिसेंबरात परीक्षा परत सुरू झाली तेव्हा ५७ लाख लोक बसले, त्यात दहा वर्षं शेतात राबलेली तिशीची माणसं होती, जागा होत्या जेमतेम पावणेतीन लाख, तरी लोकांनी आनंदाने पेपर दिले. आणि अमेरिकेतल्या भाच्याचं उदाहरण देणाऱ्या ताईंसाठी, तिकडे होलिस्टिक अ‍ॅडमिशन म्हणून जे कौतुकाने सांगतात, निबंध, खेळ, स्वभाव, लीडरशिप, त्याची एक मुळी १९२० च्या दशकातल्या हार्वर्डमध्ये आहे. नुसत्या परीक्षेच्या मार्कांवर ज्यू पोरं फार यायला लागली, ते तिथल्या अध्यक्षांना खुपायला लागलं, म्हणून कॅरेक्टर बघायला सुरुवात झाली. म्हणजे पोराचा स्वभाव बघायचा तो त्याचं आडनाव कळावं म्हणून. आपल्याकडे इंटरव्ह्यू आणि व्यक्तिमत्त्व पाहून मेडिकलला घ्यायचं ठरवलं तर पहिल्या पाच मिनिटांत काय विचारलं जाईल? गाव कुठलं, वडील काय करतात, पूर्ण नाव सांग.

इथपर्यंत वाचून आयटीतला दादा खुश झाला असेल. त्याने थोडं थांबावं. कारण ज्या मार्कांना तो मेरिट म्हणतो ते कसे तयार होतात हे त्याने जवळून बघितलेलं नाही. २०२४ च्या नीटमध्ये ४ जूनला निकाल लागला तेव्हा ६७ मुलांना ७२० पैकी ७२०. त्यात वेळ वाया गेला म्हणून १५६३ मुलांना ग्रेस मार्क दिले होते, ते काढून घेतले, फेरपरीक्षा घेतली. मग फिजिक्सच्या एका प्रश्नावरून वाद, जुन्या एनसीईआरटी पुस्तकाप्रमाणे एक उत्तर आणि नव्याप्रमाणे दुसरं, दोन्ही बरोबर धरले होते. सुप्रीम कोर्टाला आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांना विचारावं लागलं, त्यांनी एकच उत्तर बरोबर असं सांगितलं, आणि चार लाखांवर मुलांचे पाच-पाच मार्क एका दिवसात गेले. ६७ टॉपर होते ते १७ उरले. पाच मार्क म्हणजे हजारो रँक. पोरं तीच, डोकी तीच, मेरिट मात्र रातोरात हललं! पाटणा आणि हजारीबागला पेपर फुटला हे तर कोर्टातही कोणी नाकारलं नाही, तो देशभर पसरल्याचा पुरावा नाही म्हणून परीक्षा टिकली इतकंच. आपल्या घरची गोष्ट, २०२५ च्या एमएचटी सीईटीत २७ एप्रिलच्या सकाळच्या शिफ्टला गणिताच्या ५० पैकी २१ प्रश्नांत गोंधळ निघाला, सुमारे २७ हजार मुलांना ५ मेला परत बसवलं. आता ज्याची शिफ्ट वेगळी आणि पेपर वेगळा त्याच्याशी पर्सेंटाइलचं गणित करून तुलना करायची आणि वर दशांशाच्या पुढे सात आकडे छापायचे. सात आकडे! सोनाराच्या काट्यालाही इतका माज नसतो.

आणि मेरिटचं सोवळं फीच्या काउंटरवर लगेच सुटतं. २०२४ ला खुल्या गटात क्वालिफाय व्हायला ७२० पैकी १६२ पुरत होते. सरकारी कॉलेज मिळायला त्या वर्षी सहाशेच्या वर लागले. मधल्या सगळ्या जागा खासगी कॉलेजांच्या, वर्षाला कित्येक लाख फीच्या, तिथे पाचशेवाला शेतकऱ्याचा पोरगा आकडा ऐकून परत फिरतो आणि त्याच्यापेक्षा दोन-तीनशे मार्क कमी असलेला मॅनेजमेंट कोट्यातून आत बसतो. दादाने कधी याच्यावर पोस्ट टाकलेली मी पाहिली नाही, त्याचं मेरिट फक्त कास्ट सर्टिफिकेट दिसलं की जागं होतं. भाषेचंही तसंच, मराठी शाळेत दहावीपर्यंत मराठीतून सायन्स शिकलेलं पोर अकरावीला एकदम इंग्रजीत फेकलं जातं, नीटचा पेपर मराठीत मिळतो पण अकरावी-बारावीला मराठीत शिकवतो कोण? सीईटीचं गणित तर फक्त इंग्रजीत. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर कमिशनला सांगितलं होतं की सारा भरतो रयत आणि त्या पैशावर वरचं शिक्षण घेतात वरच्या जातीची पोरं, आधी खालची शाळा सक्तीची आणि नीट करा. सालं बदलून ते निवेदन आज परत पाठवता येईल.

मग करायचं काय? मला वाटतं परीक्षा ठेवावी आणि तिचा तोरा कमी करावा. एका दिवसाच्या तीन तासांवर पोराची दोन वर्षं टांगायची नाहीत, वर्षातून दोनदा पेपर आणि त्यातला चांगला धरायचा, जेईई मेनला हे होतंच आहे, त्याने आभाळ कोसळलं नाही. ताप आला, एसटी चुकली, शिफ्टला कॉम्प्युटर बंद पडला, तर पुढचा चान्स वर्षभराने न येता तीन महिन्यांनी यावा, आणि घराघरात बारावीच्या वर्षी जो मानसिक कोंडमारा असतो, पोरं ज्या टोकाला जातात त्याचा एक मोठा भाग या एकुलत्या एका दिवसात आहे असं मला वाटतं. मुलं कुठल्या शाळेतून आली हेही बघायचं, पण ते इंटरव्ह्यू घेऊन नाही, उघड, कागदावर लिहिलेल्या नियमाने. तामिळनाडूने २०२० मध्ये सरकारी शाळेत शिकलेल्या मुलांना मेडिकलच्या साडेसात टक्के जागा राखून ठेवल्या आणि पहिल्याच वर्षी तीनशेच्या वर पोरं एमबीबीएसला लागली, नीट देऊनच लागली बरं का. नीट रद्द करा म्हणून इतकी वर्षं जे भांडण चाललंय त्यातून एकही जागा निघाली नाही आणि या एका नियमातून तीनशे निघाल्या. आपण मात्र २०२० मध्येच आपला ७०:३० चा विभागवार कोटा, म्हणजे ७० टक्के जागा त्याच विभागातल्या मुलांना, काढून टाकला. तो कोटा बरोबर होता असं मी म्हणत नाही, लातूरसारख्या ठिकाणच्या हुशार पोरांना त्याने अडवलंही, पण त्याच्या जागी जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या पोरासाठी आपण काय ठेवलं? काही नाही.

आणि शेवटची गोष्ट, ज्यावरून ग्रुपवर मला वेड्यात काढलं. एका ठरावीक मार्कांच्या वर जी मुलं आहेत त्यांच्यात सोडत काढा. म्हणजे समजा सहाशेच्या वर सगळे लायक, तर ६०१ आणि ६०९ मध्ये जो फरक आहे तो ज्ञानाचा कमी आणि त्या दिवशीच्या झोपेचा जास्त, मग तो फरक आहे असं नाटक कशाला? हेच आज होतंय, फक्त आपण नशिबाला रँक म्हणतो. नेदरलँड्समध्ये १९७२ पासून कित्येक दशकं मेडिकलच्या जागा सोडतीनेच वाटायचे, मार्क जास्त तर चिठ्ठी निघायची शक्यता जास्त अशी वजनदार सोडत. त्यातही खोट निघाली, नव्वदीच्या दशकात एक अतिशय हुशार मुलगी तीन वेळा सोडतीत हुकली, देशभर बोभाटा झाला आणि मग वरच्या मार्कांच्या मुलांना थेट प्रवेश देण्याची सुधारणा केली. म्हणजे अगदी वरच्यांना थेट, मधल्यांना सोडत, हे करता येतं. यात मला सगळ्यात मोठा फायदा दिसतो तो क्लासच्या बाजारात. सहाशेचे सहाशे दहा करायला लोक आज घर गहाण टाकतात, कारण त्या दहा मार्कांना भाव आहे. सहाशेच्या पुढच्या दहा मार्कांना किंमतच उरली नाही तर ते ड्रॉपचं वर्ष आणि ती स्टार बॅच कोण विकत घेईल?

यावर दादाचा आक्षेप होता की पोराचं आयुष्य काय जुगार आहे का. आरटीईचे म्हणजे शिक्षणहक्क कायद्याचे २५ टक्के प्रवेश आपण सोडतीने देतो, ते पहिलीचं पोर आहे म्हणून त्याचं आयुष्य नसतं का? म्हाडाच्या सोडतीत घर लागलं तर पेढे वाटतात, नाही लागलं तर कोणी स्वतःला ढ समजत नाही. मला तर हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सोडतीत हुकलेल्या पोराला माहीत असतं की नशीब हुकलं. रँकमध्ये हुकलेल्या पोराला आपण सांगतो की तूच कमी पडलास, आणि ते पोर ते खरं मानतं. जिंकलेलं पोरही खरं मानतं, की हे सगळं माझ्या एकट्याच्या डोक्याने मिळवलंय, मग सरकारी पैशात शिकून तालुक्याच्या दवाखान्यात पोस्टिंग आली की नको म्हणतं.

सोडतीला एक आक्षेप मात्र मी पूर्ण मान्य करतो आणि तो काकांनी घेतला. ते म्हणाले, बाबा रे, तू म्हणतोस शिफारशीची चिठ्ठी नको म्हणून सोडतीची चिठ्ठी, पण ती चिठ्ठी काढणारा हात कोणाचा? ज्यांना पेपर सांभाळता येत नाही ते बरणी सांभाळतील? याला माझ्याकडे जादूचं उत्तर नाही. एवढंच आहे की पेपर हजारो सेंटरवर, शेकडो ट्रंकांतून जातो आणि कुठेही फुटू शकतो, सोडत एका ठिकाणी, एका दिवशी, सगळ्यांसमोर, कॅमेऱ्यापुढे निघते, राखण करायला सोपी. लबाडी तिथेही होईल, पण ती करायला एकच जागा असेल आणि तिथे लाखो पालक डोळे लावून बसलेले असतील.

त्यावर काकांनी रात्री साडेअकराला एकच ओळ टाकली, स्वतःच्या पोरीला टाकशील का सोडतीत? मी म्हटलं टाकेन, फक्त तिला जेवढे मार्क पडतील तेवढं तिच्या चिठ्ठीला वजन द्या, आणि बरणी उघडताना मला पहिल्या रांगेत बसू द्या. काकांनी अंगठा दिला. दादा टायपिंग दिसत होता बराच वेळ, पण त्याच्या आधी सेक्रेटरींचा मेसेज आला की उद्या टँकर सातला येईल, वरच्या टाक्या भरून घ्या.